मागाचा कान

सहीसाठी मी दारातनं तीनदा हाक मारली,
सुकुमार मगदूम, सुकुमार मगदूम,
बाकावरचा माणूस ढिम्म.
शेजारच्या म्हातारीनं कोपरानं ढोसलं तेव्हा उठला.
इचलकरंजीला मागावर असतो, सिस्टर,
चौदा वर्षं झाली, जरा मोठ्यानं बोला.
मी मोठ्यानं बोलले.
त्यानं सही केली, पेन पुसून परत दिलं.

आत त्रिशला.
पहिलटकरीण, पाच सेंटिमीटर,
पोटावर दोन पट्टे, एक कळांचा, एक बाळाचा.
यंत्र सुरू झालं, टबक टबक टबक.
घोडा पळतोय, म्हणतात शिकाऊ पोरी.
मी बावीस वर्षांत घोडा बघितला तो दसरा चौकात,
वरातीचा, आणि तो उभाच होता.
मला आकडे ऐकू येतात:
एकशे बेचाळीस. एकशे अडतीस. एकशे पंचेचाळीस.
कागद मिनिटाला एक सेंटिमीटर सरकतो.
रात्रपाळीसुद्धा तेवढीच.

दोननंतर खोलीत तिघी झाल्या.
दोन नंबरला उलट्या, चार नंबरची सासूच्या नावानं ओरडत होती,
म्हणून मी यंत्राचा आवाज कमी केला.
खोटं कशाला सांगू.
कमी केला, बंद नाही.

तीन वाजून बारा मिनिटांनी दारावर थाप.
पुरुषांना इथं बंदी.
फटीतनं चेहरा नाही, आधी कान दिसला.
"सिस्टर, माग हळू झालाय."
झोपेत बरळतोय, असं वाटलं.
"तिची कळ गेली की हळू होतोय, आणि लगेच वर येत न्हाई.
दोनदा झालं. ही तिसरी.
मोटरचा पट्टा घसराय लागला की असाच दमतोय बघा."

पट्टा म्हटल्यावर मी आधी पोटावरचा पट्टा चाचपला.
घट्ट होता.
मग कागद बघितला.
कळेचा डोंगर उतरून गेलेला
आणि वरच्या रेषेत, उशिरानं पडलेला खड्डा.
अठ्ठ्याऐंशी.

पुढचं हातांनी केलं, मला विचारलं नाही.
ड्रिप बंद. डाव्या कुशीवर. पाठीला उशी.
सलाईन जोरात.
त्रिशला, इकडं बघ, श्वास सोड, कोंडू नको बाई.
डॉक्टर घाटगे अनवाणी धावत आल्या.
आवाज मी पूर्ण वाढवला,
चार नंबरचीही गप्प झाली.
नव्वद.
नव्वद.
शहाण्णव.
ओटी तयार ठेवा, डॉक्टर म्हणाल्या
आणि स्वतः जागच्या हलल्या नाहीत.
एकशे दहा.
फटीत तो कान तसाच.
एकशे चोवीस, एकशे छत्तीस,
पुढची कळ आली, गेली,
रेषा जागेवर राहिली.

कसं ऐकलंस रे, मी नंतर विचारलं. ओरडूनच.
"बोलणं ऐकू येत न्हाई, सिस्टर. चाल ऐकू येती.
चोवीस माग एकदम चालत्यात,
त्यातला आपला अडखळला तर पायातनं कळतंय."

नोंद केली: ३.१२, ठोके ८८, डावी कूस, ड्रिप बंद,
डॉक्टरांना कळवले. ३.२१, ठोके पूर्ववत.
कुणाच्या ध्यानात आलं, असा रकाना नाही.
समासात लिहावं का म्हणून पेन टेकवून बसले,
तिथं शाईचा ठिपका तेवढा आहे.

खाली रस्त्यावर दुधाचे कॅन आपटायला लागले
तेव्हा डोकं, मग खांदा, मग सगळी एकदम.
पट्टे सोडले. यंत्र रिकामंच खरखरत राहिलं
कुणीतरी बटण दाबेपर्यंत.

दारात गेले. मुलगी झाली, म्हणाले.
तो नुसता बघत.
अहो मुलगी! दोन किलो नऊशे!
म्हातारी जागी झाली, वॉचमन उठला,
आणि तो भिंत धरून, पांढराफटक:
"नऊशे?
एवढं जोरात चालतंय?"